आत्याबरोबर कामाँबेरला

रविवार

पॅरिसहून ए-13 महामार्गाने पश्चिमेला निघालं की पहिले दीड-दोन तास बघण्यासारखं काही नसतं. टोलनाके, ट्रक, गोदामं. लिझ्यूच्या आसपास महामार्ग सोडून दक्षिणेला वळलो आणि रस्ता एकदम निम्म्या रुंदीचा झाला. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जाणारी हिरवी कुंपणं, त्यांत पांढरा फुलोरा, आणि मधूनच एखाद्या फाटकातून दिसणारं उताराचं कुरण. या भागाला पेई दोज म्हणतात. नॉर्मंडीतला हा सगळा मुलूख दुधाचा आणि सफरचंदांचा.

मे महिना नुकताच लागला होता. सफरचंदं बहरात होती आणि त्याच झाडांखाली गाई चरत होत्या. बाग वेगळी, कुरण वेगळं असा प्रकार इथे जुन्या शेतांवर नाही. झाड मुद्दाम उंच खोडाचं वाढवायचं, म्हणजे गाईचं तोंड फांदीला लागत नाही, आणि खाली गवत तसंच ठेवायचं. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "आगं, ह्याला पण बांडगूळ लागतंय की!" खरंच होतं. झाडाझाडांवर हिरव्या गोळ्यासारखी बांडगुळं लटकत होती. युरोपात नाताळला दारावर टांगतात ती हीच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिरोळ तालुक्यात दिलेली, गळ्यात तुळशीची माळ, उभा जन्म म्हशींच्या धारा काढण्यात गेलेला. आत्तेभाऊ पॅरिसमध्ये नोकरीला असतो. त्याने आईला आयफेल टॉवर दाखवला, नदीतून बोटीने फिरवलं. सगळं बघून झाल्यावर तिने विचारलं, "हितं गोठं कुठं असत्यात रं?" म्हणून हा प्रवास, कामाँबेर चीज ज्या खेड्याच्या नावाने ओळखलं जातं त्या खेड्याकडे.

मुक्काम विमुतिए या छोट्या गावाबाहेर एका जुन्या घरात होता. पूर्वी इथे सफरचंदाचा रस काढत. लाकडी खांबांची चौकट आणि मधे माती-गवताचं लिंपण. आत्याने भिंतीवरून हात फिरवला आणि "कूडच की" म्हणून विषय संपवला. रात्री पिठलं-भात केला. बाहेर साडेनऊपर्यंत उजेड होता आणि पाऊस लागला होता.

सोमवार

विमुतिए पहिल्या नजरेत निराश करतं. नॉर्मंडीच्या पोस्टकार्डावरची कुडाची घरं इथे फारशी नाहीत. सगळं काँक्रीट, सरळ रेषेतलं, 1950 च्या दशकातलं. कारण 14 जून 1944. दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आठवडा उलटला होता आणि जर्मनांची कुमक अडवण्यासाठी अमेरिकन विमानांनी या गावावर बाँब टाकले. काही मिनिटांत गाव गेलं आणि दोनशेहून अधिक गावकरी मेले. सोडवायला आलेल्यांनीच मारलं, ही गोष्ट नॉर्मंडीत अनेक गावांची आहे आणि तिथले लोक ती आवाज न चढवता सांगतात.

त्या बाँबफेकीत चौकातल्या एका पुतळ्याचं डोकं उडालं. तो पुतळा मारी आरेल या शेतकरीणबाईचा. गोष्ट अशी सांगतात: 1791 च्या सुमारास, क्रांतीच्या धामधुमीत, नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिलेला एक पाद्री बोमाँसेलच्या वाड्यात लपला होता. तो ब्री प्रांताकडचा, आणि तिकडची चीज करायची रीत त्याने मारीला सांगितली. तिने ती इथल्या दुधाला लावली आणि कामाँबेर जन्माला आलं.

गोष्ट गोड आहे, पण तिला एक अडचण आहे. तोमा कोर्नेय या विद्वानाचा भूगोलकोश 1708 साली छापला गेला आणि त्यात विमुतिएच्या बाजारात लिव्हारो आणि कामाँबेरचं उत्तम चीज येतं असं लिहिलेलं आहे. मारीचा जन्म 1761 चा. म्हणजे चीज आधीचं, बाई नंतरची. बाईंनी आणि त्यांच्या लेकी-नातवंडांनी ते नीट, सातत्याने केलं आणि बाजारात नेलं, एवढं नक्की मानता येईल. माझ्या मते हे श्रेय पाद्र्याच्या गोष्टीपेक्षा मोठं आहे, पण पुतळे शोधाचे उभारतात, सातत्याचे नाही.

पुतळा उभारण्याची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. 1926 साली जोसेफ क्निरिम नावाचा एक अमेरिकन डॉक्टर विमुतिएत उतरला आणि मारी आरेलचं थडगं कुठे आहे म्हणून विचारू लागला. आपल्या पोटाच्या रुग्णांना या चीजने गुण येतो असं त्याचं म्हणणं. गावात कोणाला बाईची फारशी आठवण नव्हती! परदेशी माणसाने लाज काढल्यावर हालचाल झाली आणि 1928 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मिलराँ यांच्या हस्ते पुतळा बसला. बाँबने तो मोडल्यावर पुन्हा अमेरिकाच मदतीला आली. ओहायो राज्यातल्या व्हॅन वर्ट इथल्या चीज कारखान्याच्या कामगारांनी नवा पुतळा दिला, तो 1956 पासून उभा आहे. पुतळा कोणी दिला ते खाली कोरलेलं आहे. गाव कोणी पाडलं ते त्या दगडावर नाही.

सोमवारी दुपारी इथे बाजार भरतो. आमच्या जयसिंगपूरच्या बाजाराच्या मानाने चिमुकला. भाजीची रोपं, कोंबड्या, चीजची एक गाडी आणि लोण्याचे ढीग. आत्या लोण्यापाशी थांबली. रंग बघून तिला भेसळीचा संशय आला. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र, हे हळदीसारखं पिवळं. पण यात घातलेलं काही नव्हतं. हिरव्या गवतातलं कॅरोटीन गाईच्या दुधात तसंच उतरतं, म्हशीच्या अंगात त्याचं रूपांतर होऊन जातं, म्हणून तिचं दूध-लोणी पांढरं. मेमधलं लोणी तर सर्वांत पिवळं, कारण गाई नुकत्याच कोवळ्या गवतावर सुटलेल्या असतात. आत्तेभावाने बिनमिठाचं बघून अर्धा किलो घेतलं. संध्याकाळी आत्याने ते कढवलं. बेरी तांबूस झाली, घरभर वास सुटला, आणि घराच्या मालकीणबाई काय जळतंय म्हणून बघायला आल्या. त्यांना भातावर तूप-मीठ घालून दिलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मंगळवार

कामाँबेर विमुतिएपासून चार-पाच किलोमीटरवर, एका चढावर. वस्ती दोनशेच्या आतबाहेर, आणि तीही शिवारभर विखुरलेली. गावठाण म्हणावं असं जे आहे ते दोन मिनिटांत चालून संपतं: लहानसं चर्च, सरपंच कचेरी, दहा-बारा घरं आणि चीजच्या डबीसारखी गोल बांधलेली संग्रहालयाची इमारत. किराणा दुकान दिसलं नाही. गावाचं नाव लिहिलेल्या पाटीजवळ मात्र आमच्या आधी आलेलं एक जपानी जोडपं फोटो काढत होतं. जगातल्या किती फ्रिजांवर हे नाव छापलेलं असेल, आणि गावात पावाला विमुतिए गाठावं लागतं.

याचं कारण सरळ आहे. नाव गावाचं राहिलंच नाही. 1890 मध्ये रिदेल नावाच्या अभियंत्याने पॉप्लरच्या पातळ लाकडाची गोल डबी काढली. त्याआधी हे चीज पेंढ्यावर ठेवून पाठवत आणि लांबच्या प्रवासात ते टिकत नसे. डबी आल्यावर ते रेल्वेने देशभर आणि जहाजाने समुद्रापार गेलं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांच्या शिध्यात गेलं. चार वर्षांत फ्रान्सच्या कानाकोपऱ्यातल्या पोरांना त्याची चव लागली. तोवर कोणीही, कुठेही, कसलंही मऊ पांढरं चीज करून त्याला कामाँबेर म्हणू लागलं होतं, आणि ते नाव सामान्य झालं असा न्यायालयाचा निकालही पडला. 1983 मध्ये सरकारी संरक्षण मिळालं ते फक्त "कामाँबेर द नॉर्मंडी" या पूर्ण नावाला.

त्या संरक्षित नावाचं चीज अजून करणाऱ्या एका शेतावर आम्ही सकाळी गेलो. गोठा, कुरण, चीजची खोली सगळं एकाच अंगणात. गाई नॉर्मांद जातीच्या: पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि दोन्ही डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. नियमाप्रमाणे कळपातल्या निदान निम्म्या गाई या जातीच्या हव्यात आणि वर्षातले किमान सहा महिने त्यांनी बाहेर चरलं पाहिजे. दूध होल्स्टीन जातीच्या गाईंपेक्षा कमी, पण प्रथिनं जास्त, म्हणून चीज चांगलं धरतं. आत्याने कास बघितली, सड बघितले, शेणाचा पो बघितला. "पोट साफ हाय," असा दाखला दिला.

चीजच्या खोलीत जाता येत नाही, काचेतून बघायचं. आत चार हौदांत दूध विरजून घट्ट झालेलं, आणि समोरच्या लांब टेबलावर तळ-माथा नसलेल्या नळकांड्यांसारख्या साच्यांच्या रांगा. एक तरुण हातात लांब दांड्याची पळी घेऊन उभा होता. पळीचं तोंड बरोबर साच्याएवढं. तो हौदातून एक पळी उचले, साच्यात आत नेऊन हलकेच पालथी करे, दही मोडू न देता. एकेक करत सगळी रांग झाली की थांबायचं. निदान चाळीस मिनिटं. तेवढ्यात खालच्या थरातलं पाणी निथळतं, थर बसतो. मग दुसरी पळी. अशा पाच. एका चीजला सव्वादोन लिटरच्या आसपास दूध जातं आणि हाती येतो अडीचशे ग्रॅमचा गोळा. संध्याकाळी सगळे उलटायचे, दुसऱ्या दिवशी कोरडं मीठ चोळायचं, मग गार खोलीत लाकडी फळ्यांवर. आठवड्याभरात पांढरी बुरशी लवेसारखी अंगभर येते. दूध विरजल्यापासून तीन आठवडे झाल्याशिवाय विक्री नाही. दूध कच्चंच, तापवलं तर ते नाव लावता येत नाही.

मी त्या पोराच्या मनगटाकडे बघत राहिले. दर पळीला तीच उंची, तोच कल, शेवटी तीच छोटी हिसडी. यंत्राने पळी चालवायलाही नियम परवानगी देतो आणि मोठ्या कारखान्यांत यंत्रंच चालवतात. इथे अजून हात आहे.

ती पांढरी बुरशीही फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कामाँबेरवर निळसर-राखाडी बुरशी येत असे. मग दिसायला स्वच्छ म्हणून एक शुभ्र वाण निवडलं गेलं आणि सगळीकडे तेच. बीजाणूंच्या संकरातून नव्हे, त्याच एका वाणाची नक्कल करत करत. आम्ही गेलो त्याच वर्षी, 2024 च्या जानेवारीत, फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेने सांगितलं की हे वाण आता बीजाणू धरेनासं झालंय. आत्तेभावाने हे आईला समजावून सांगितलं. तिला एका वाक्यात कळलं. "सारखं त्येच त्येच लावलं तर उसाचं सुदीक उतरतंय. बेणं बदलाय नको व्हय?"

शेताच्या बाई साठीच्या असाव्यात. आत्याचा पहिला प्रश्न, दुधाला दर काय? बाई हसल्या. भाषांतर आत्तेभाऊ करत होता, पण मला वाटतं फॅट, प्रथिनं, दर एवढे शब्द त्या दोघींना त्याच्याशिवायही चालले असते. नुसतं दूध डेअरीला घातलं तर खर्च जेमतेम सुटतो, चीज केलं तर चार पैसे दिसतात, पण मग सुट्टी नाही. 2015 मध्ये युरोपातला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं यावरची मर्यादा, उठला, त्यानंतर भाव वरखाली होतच राहिले. शेजारचे गोठे बंद झाले, त्यांची कुरणं नांगरून मका-गहू लावला. "आनि तुमची पोरं?" हा आत्याचा दुसरा प्रश्न. एक मुलगा काँ शहरात संगणकावर, दुसरा आत पळी चालवतोय. आत्याने आपल्या मुलाकडे बघितलं, पण काही बोलली नाही. तो गाडीची किल्ली शोधू लागला.

चाखायला चीज पुढे आलं तेव्हा आत्याने विचारलं, विरजण कसलं? रेनेटचं, म्हणजे दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेलं. माळ घातलेल्या बाईला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने ताटली माझ्याकडे सरकवली आणि बाईंना हात जोडून "माज्या मनात काय न्हाय, पन ह्ये चालायचं न्हाय" म्हणाली. बाईंनी आतून साय आणून दिली, दाट, किंचित आंबूस. ती आत्याने चमच्याने खाल्ली. भारतातून येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं: फ्रान्समधली पारंपरिक चिजं जवळपास सगळी अशीच असतात. मी माळकरी नाही. मी खाल्लं. साल कडसर, आतलं पिवळट लोण्यासारखं मऊ, मधोमध अजून पांढरा खडूसारखा थर, आणि वास ओल्या गोठ्याचा. दुकानातल्या त्याच नावाच्या पांढऱ्या रबराशी याचा काही संबंध नाही.

बुधवार

8 मे, दुसरं महायुद्ध युरोपात संपलं तो दिवस, फ्रान्समध्ये सुट्टी. विमुतिएच्या स्मारकापाशी सकाळी झेंडे घेतलेले म्हातारे, अग्निशमन दलाचे जवान, थोडी शाळेची मुलं. भाषण, पुष्पचक्र, राष्ट्रगीत. अर्ध्या तासात लोक पांगले.

गावातून गासेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक टायगर रणगाडा उभा आहे, ऑगस्ट 1944 मध्ये इंधन संपलं म्हणून जर्मनांनी टाकून दिलेला. 1975 मध्ये भंगारात निघाला होता, लोकांनी वाचवला. त्यावर पोरं चढत होती.

खरं बघण्यासारखं ठिकाण म्हणजे माँतोर्मेल, अर्ध्या तासावरची टेकडी. ऑगस्ट 1944 मध्ये फालेझच्या बाजूने जर्मन सैन्य घेरलं गेलं आणि बाहेर पडायला दीव्ह नदीच्या खोऱ्यातली अरुंद वाट उरली. त्या वाटेच्या तोंडावरची ही टेकडी पोलंडच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने धरली. 19 ते 21 ऑगस्ट दोन्हीकडून मार खात, रसद तुटलेली असताना, ते हटले नाहीत. टेकडीचा आकार नकाशावर गदेसारखा दिसतो म्हणून त्यांनी तिचं नाव गदा ठेवलं होतं. ज्यांचा स्वतःचा देश अजून परक्यांच्या ताब्यात होता अशी ती पोरं.

संग्रहालयाच्या काचेतून सगळं खोरं दिसतं: शांबुआचा बुरूज, झाडांच्या रांगा, गाई. इथे हजारो घोडे मेले. जर्मन सैन्याची बरीच वाहतूक घोडागाड्यांवर होती आणि त्या अरुंद वाटेत तोफगोळ्यांखाली माणसं, जनावरं, गाड्या एकावर एक पडल्या. नदीचं पाणी कित्येक दिवस पिता येत नव्हतं. आत्याला रणगाड्यांत रस नव्हता. तिने विचारलं, "मग ती जनावरं पुरली कुनी?" मार्गदर्शक मुलीने सांगितलं, गावकऱ्यांनी आणि युद्धकैद्यांनी. बुलडोझर लावून.

परतताना ले शाँपोच्या बाजूने आलो. याच परिसरात 1768 मध्ये शार्लोत कोर्दे जन्मली, जिने 1793 मध्ये पॅरिसला जाऊन मारा या क्रांतिकारकाला न्हाणीघरात भोसकलं आणि चारच दिवसांत गिलोटिनवर गेली. नाटककार पिएर कोर्नेयच्या वंशातली ती. चीजची नोंद करणारा तोमा कोर्नेय हा त्याच पिएरचा धाकटा भाऊ. एवढ्याशा मुलखात धागे असे एकमेकांत गुंतलेले.

गुरुवार

पुन्हा सुट्टी, येशूच्या स्वर्गारोहणाची. त्या वर्षी ती 8 मेला लागून आली आणि शुक्रवारही बुडवून सगळा देश चार-पाच दिवस गावाला गेलेला. मे महिन्यात फ्रान्सच्या खेड्यांत जाणार असाल तर आधी पंचांग बघा, नाहीतर बंद दारंच बघाल.

लिव्हारोत थोडा वेळ थांबलो. इथलं चीज कामाँबेरपेक्षा जुनं आणि वासाला दुप्पट. त्याच्या कडेला लव्हाळ्याच्या पाच पट्ट्या गुंडाळतात. पूर्वी साय काढून घेतलेल्या दुधाचं करत, ते पिकताना ढासळे, म्हणून हा पट्टा. फ्रेंच कर्नलच्या बाहीवर पाच पट्ट्या असतात, त्यावरून चीजला कर्नलच म्हणतात.

कामाँबेरच्या डबीवर काय लिहिलंय ते नीट वाचायची सवय मला इथून लागली. "कामाँबेर द नॉर्मंडी" म्हणजे कच्चं दूध, पळी, नॉर्मांद गाई. "नॉर्मंडीत बनवलेलं कामाँबेर" म्हणजे कारखाना नॉर्मंडीत असायचा, बाकी काहीही. मोठ्या उद्योगांनी वर्षानुवर्षं हे दुसरं वाक्य छापलं. 2018 मध्ये तडजोड ठरली होती की तापवलेल्या दुधालाही संरक्षित नावाखाली घ्यायचं आणि बदल्यात नॉर्मांद गाई वाढवायच्या. 2020 मध्ये उत्पादकांनीच ती नाकारली. मला ते बरं वाटलं. नाव आधीच गावातून गेलंय; निदान पळी तरी राहू दे.

लिझ्यूच्या बॅसिलिकात सणाची गर्दी होती. संत तेरेझचं हे तीर्थ, लूर्दखालोखाल फ्रान्समधलं मोठं. आत्या रांगेत शिरली, मेणबत्ती लावली, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि घरी फोन लावला. धाकट्या सुनेने आधी टॉवरचं विचारलं. "टावर बघितला गं. ऐक, हितल्या गाईला चष्मा असतोय. दुधाला दर म्हनशील तर हितं पन रडगाणंच हाय. आनि ती गाभण म्हस बाहेर बांधू नगं, पाऊस सांगितलाय म्हनं."